हायड्रोजन इंधनघटातले धातूचे भाग गंजण्यापासून कसे वाचवायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंधनघट, म्हणजे फ्युएल सेल, अनेक प्रकारचे असतात. इथली बरीचशी उत्तरं पीईएम (प्रोटॉन एक्स्चेंज मेम्ब्रेन) घटांबद्दल आहेत, कारण गाड्यांमध्ये आणि छोट्या वीजसंचांमध्ये तेच जास्त दिसतात आणि प्रश्नही त्यांच्याबद्दलच येतात. या घटांत हायड्रोजन आणि हवा यांच्या मधोमध प्रोटॉन वाहून नेणारं पातळ पटल असतं. जास्त तापमानावर चालणाऱ्या घटांचा विचार शेवटाकडे केला आहे.

घटात शुद्ध हायड्रोजन आणि हवा जाते, बाहेर पाणी येतं. यात गंजण्यासारखं काय आहे?

ते पाणीच. पटल फ्लोरिनयुक्त बहुवारिकाचं, म्हणजे पॉलिमरचं, असतं आणि त्याच्या साखळ्यांवर सल्फॉनिक आम्लाचे गट असतात. घट चालतो तसतशी पटलाची थोडी थोडी झीज होत राहते आणि फ्लोराइड, सल्फेट हे आयन पाण्यात उतरतात. त्यामुळे धातूला लागणाऱ्या पाण्याचा पीएच बहुधा २ ते ४ असतो, म्हणजे लिंबाच्या रसापासून टोमॅटोच्या रसापर्यंतची आंबटपणाची पातळी. तापमान ६० ते ८० अंश सेल्सिअस. हवेच्या बाजूला ऑक्सिजन भरपूर, आणि शिवाय विद्युत विभव असतोच: हायड्रोजनच्या बाजूला शून्याच्या जवळ, हवेच्या बाजूला ०.६ ते १ व्होल्ट. आम्ल, ऊब, ऑक्सिजन आणि विभव, सगळं हजारो तास एकत्र.

सगळ्यात जास्त धोका कोणत्या भागाला?

बायपोलर प्लेटला. शेजारशेजारच्या दोन घटांमधली ही पातळ प्लेट तीन कामं एकदम करते. एका बाजूने हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूने हवा वाटते, आतून शीतक फिरवते आणि एका घटाची वीज पुढच्या घटाकडे नेते. धातूची प्लेट बऱ्याचदा ०.१ मिलिमीटरच्या आसपासच्या पत्र्यापासून बनवतात. तिच्याखेरीज टोकाच्या प्लेटा, वीज बाहेर काढणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या, नळ्या, जोडण्या, आर्द्रता देणारं यंत्र आणि रेडिएटर यांचाही विचार करावा लागतो. गंजाचा शोध घेताना लोक स्टॅक, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या घटांचा संच, उघडून बसतात आणि दोष निघतो बाहेरच्या एखाद्या पितळी जोडणीत, असं होऊ शकतं.

प्लेटला भोक पडायला किती वेळ लागतो?

हा प्रश्न स्वाभाविक आहे, पण धोका तिथे नाही. आकडेमोड करून पाहू.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने बायपोलर प्लेटसाठी ठरवलेलं लक्ष्य असं की गंजण्याचा प्रवाह, म्हणजे धातू गंजताना वाहणारी वीज, दर चौरस सेंटिमीटरला १ मायक्रोअँपिअरपेक्षा कमी असावा. हा सगळा प्रवाह लोखंड विरघळण्यातच जातो असं धरलं, तर वर्षाला सुमारे ११.६ मायक्रॉन धातू जातो. मोटारीच्या स्टॅकसाठी ८,००० तासांचं आयुष्य धरलं जातं, तेवढ्यात साधारण १०.६ मायक्रॉन. शंभर मायक्रॉनच्या पत्र्याला एवढ्याने भोक पडत नाही.

आता हेच वजनात मोजा. तेवढ्या तासांत दर चौरस सेंटिमीटरमागे ८ मिलिग्रॅमहून अधिक लोखंड सुटतं. शेजारच्या २५ मायक्रॉन जाडीच्या पटलाचं वजन त्याच क्षेत्रफळाला जेमतेम ५ मिलिग्रॅम असतं. म्हणजे पटलाच्या वजनापेक्षा जास्त लोखंड त्याच्या दारात येऊन पडतं. पटलातल्या सल्फॉनिक गटांचा हिशेब केला तर ते लोखंड त्या सगळ्या जागा साठाहून अधिक वेळा भरून टाकेल एवढं होतं. प्रत्यक्षात त्यातलं बरंचसं पाण्याबरोबर वाहून जातं आणि प्रवाहाचा काही भाग ऑक्साइड बनवण्यात खर्च होतो, हे खरं. तरी प्रमाण लक्षात यावं म्हणून हा हिशेब मी मुद्दाम मांडतो. प्लेट गंजते, पण मरतं पटल.

लोखंडाचे आयन पटलाचं नेमकं काय बिघडवतात?

दोन गोष्टी. पहिली म्हणजे जागा अडवणं. प्रोटॉन ज्या सल्फॉनिक गटांवरून उड्या मारत पलीकडे जातात, तिथे लोखंडाचा आयन ठाण मांडतो. तीन धनप्रभार असलेला एक आयन तीन जागा अडवतो. पटलाची प्रोटॉन वाहून नेण्याची क्षमता घटते आणि पाणी धरून ठेवण्याचा गुणही कमी होतो.

दुसरी गोष्ट जास्त घातक. घटात थोडा हायड्रोजन पेरॉक्साइड सतत तयार होत असतो. लोखंडाचा आयन त्याच्याशी भेटला की हायड्रॉक्सिल मूलक हा अतिशय क्रियाशील कण सुटतो. रसायनशास्त्रात हिला फेंटन अभिक्रिया म्हणतात. हा मूलक पटलाच्या साखळ्या कुरतडतो, त्यातून फ्लोराइड सुटतं आणि ते फ्लोराइड पुन्हा धातूवरच्या संरक्षक थरावर हल्ला करतं. लोखंडाचा आयन या प्रक्रियेत संपत नाही, पुन्हा मूळ रूपात येऊन कामाला लागतो. त्यामुळे अगदी थोडं लोखंडही बराच काळ नुकसान करत राहतं. शेवटी पटल पातळ होतं, त्याला सूक्ष्म छिद्रं पडतात आणि हायड्रोजन पलीकडे झिरपू लागतो.

स्टेनलेस स्टीलला तर गंज लागत नाही. मग ते तसंच का वापरत नाहीत?

स्टेनलेस स्टील टिकतं ते क्रोमियमच्या ऑक्साइडच्या थरामुळे. हा थर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा असतो, ओरखडा उठला तरी आपोआप पुन्हा तयार होतो. धातूच्या या अवस्थेला निष्क्रियता म्हणतात. हे नाव ख्रिस्टियान शोनबाइन यांनी १८३६ साली दिलं. तीव्र नायट्रिक आम्लात लोखंड विरघळायचं थांबतं याबद्दल त्यांचा मायकेल फॅरडे यांच्याशी पत्रव्यवहार चालू होता. याच शोनबाइन यांनी १८३९ साली इंधनघटामागचा परिणामही प्रसिद्ध केला, त्याच वर्षी विल्यम ग्रोव्ह यांनीही आपला प्रयोग मांडला. एकाच माणसाच्या हातून आलेल्या या दोन गोष्टी आज एकाच प्लेटवर एकमेकींच्या आड येतात, हे मला दरवेळी विलक्षण वाटतं.

आड येतात त्या अशा: जो थर धातूला वाचवतो तोच वीज अडवतो. प्लेट आणि तिला टेकलेला, वायू पसरवणारा कार्बनचा कागद यांच्यातला स्पर्श-रोध १० मिलिओहम चौरस सेंटिमीटरच्या आत असावा अशी अपेक्षा असते. लेप न दिलेल्या ३१६एल या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा रोध वापरातल्या दाबाखाली शंभरच्याही वर जाऊ शकतो. दर चौरस सेंटिमीटरला १ अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर १०० मिलिओहम म्हणजे ०.१ व्होल्ट फक्त त्या एका सांध्यात गेले. पूर्ण घट देतो ०.६५ व्होल्टच्या आसपास. हिशेब तुम्हीच करा.

शिवाय हायड्रोजनच्या बाजूला विभव इतका खाली असतो की तो संरक्षक थर तिथे कमजोर राहतो, आणि हवेच्या बाजूला विभव १.२ व्होल्टच्या आसपास चढला तर क्रोमियमच विरघळायला लागतं. उघडं स्टेनलेस स्टील दोन्ही बाजूंनी अडचणीत सापडतं.

मग ग्राफाइट वापरावं ना!

वापरतात. ग्राफाइट अशा आम्लात धातूसारखं विरघळत नाही आणि त्याचा स्पर्श-रोधही कमी असतो. जागा आणि वजन यांची फिकीर नसलेल्या स्थिर संचांसाठी मी आजही त्याच्याच बाजूने मत देईन. पण ते ठिसूळ असल्यामुळे प्लेट जाड करावी लागते आणि वायू झिरपू नये म्हणून रेझिन भरावं लागतं. पातळ पत्रा दाबून एका ठोक्यात प्लेट काढण्याचा वेग ग्राफाइटमध्ये मिळणं कठीण. म्हणून गाड्यांमध्ये धातूला पसंती मिळते.

टायटॅनियम घेतलं की प्रश्न मिटतो का?

बराचसा. टायटॅनियम स्टीलपेक्षा हलकं असतं आणि त्याचा ऑक्साइड आम्लात चांगला तग धरतो. शिवाय सुटलेच तर त्याचे आयन लोखंडाच्या आयनांइतकी फेंटनसारखी धूळधाण करत नाहीत. टोयोटाने २०१४ च्या मिराई गाडीत टायटॅनियमच्या प्लेटा कार्बनचा लेप देऊन वापरल्या.

लेप का दिला, हाच मुद्दा आहे. टायटॅनियमचा ऑक्साइडही वीज अडवतो आणि वापराबरोबर जाड होत जातो. आणखी एक दुखणं म्हणजे फ्लोराइड. आम्लाच्या पाण्यात फ्लोराइड वाढलं की टायटॅनियमचा ऑक्साइड विरघळतो. पटलाची तब्येत सांभाळली नाही तर महागडी प्लेटही सुरक्षित राहत नाही.

आणि अ‍ॅल्युमिनियम?

पीईएम घटाच्या आतल्या बाजूला टाळावं. हलकं आहे, स्वस्त आहे, घडवायला सोपं आहे, पण पीएच ४ च्या खाली त्याचा ऑक्साइड टिकत नाही. त्यावर सोन्यासारख्या राजधातूचा लेप दिला आणि त्यात एक बारीक छिद्र राहिलं, तर त्या छिद्राखालचं अ‍ॅल्युमिनियम भराभर खाल्लं जातं, कारण सोन्याचा मोठा पृष्ठभाग आणि अ‍ॅल्युमिनियमचा तो ठिपका मिळून एक छोटी बॅटरीच तयार होते. आम्लाचं पाणी जिथे पोहोचत नाही अशा टोकाच्या प्लेटांसाठी ते चांगलं.

लेप कोणता चांगला?

सगळीकडे सरस ठरेल असा एकही लेप नाही, म्हणून प्रत्येकाचा स्वभाव सांगतो.

सोनं वीज उत्तम नेतं आणि आम्लात टिकतं. काही नॅनोमीटरचा थरही काम करतो, पण इतका पातळ थर अखंड राहत नाही. क्लोराइड असेल आणि विभव चढला तर सोनंही थोडं थोडं विरघळतं. किंमत तर आहेच.

टायटॅनियम नायट्राइड आणि क्रोमियम नायट्राइड कठीण असतात, ओरखड्यांना दाद देत नाहीत. निर्वात कक्षात धातूची वाफ करून ते चढवतात. टायटॅनियम नायट्राइडचा दोष असा की हवेच्या बाजूला काळ जातो तसा त्याचा पृष्ठभाग ऑक्साइडमध्ये बदलतो आणि स्पर्श-रोध वाढतो. दोन्हींत मी क्रोमियम नायट्राइडला किंचित वरचं स्थान देईन.

कार्बनचे लेप सध्या जास्त पसंत केले जातात. त्यांना ठरावीक स्फटिकरचना नसते, पण ग्राफाइटसारखी जोडणी जितकी अधिक तितकी वीज चांगली वाहते. स्वस्त, आम्लाला न जुमानणारे आणि कार्बनच्या कागदाशी छान जुळणारे. धातूवर ते नीट धरून राहावेत म्हणून खाली टायटॅनियम किंवा क्रोमियमचा पातळ थर देतात. त्यांचा शत्रू एकच: चढा विभव. १.४ व्होल्टच्या आसपास कार्बन जळाल्यासारखा ऑक्सिडीकृत होतो.

पॉलिपायरोल, पॉलिअ‍ॅनिलीन यांसारखी वीजवाहक बहुवारिकं प्रयोगशाळेत सुरुवातीला छान दिसतात. हजारो तासांचा टिकाऊपणा मात्र त्यांना जड जातो.

लेप उत्तम प्रतीचा होता, तरी त्याखाली गंज आला. का?

बहुतेक वेळा कारण लेपाचं नसून लेपाखालच्या पृष्ठभागाचं असतं. पत्र्यावर धूळ, तेलाचा अंश, लाटताना अडकलेला कण, असं काहीही राहिलं की त्या जागी लेपात छिद्र पडतं. म्हणून पायऱ्या चुकवू नयेत: तेलकटपणा काढणं, आम्लाने धुणं, पाण्याचा एकही डाग न ठेवता वाळवणं, आणि निर्वात कक्षात आयनांच्या माऱ्याने जुना ऑक्साइड उडवणं. यातल्या धुण्या-वाळवण्यावर लोक वेळ वाचवतात. मला विचाराल तर लेपाचं महागडं यंत्र घेण्याआधी धुण्याची व्यवस्था सुधारा.

दुसरं कारण कारखान्यातलंच. आधी लेप देऊन मग पत्रा दाबला तर वळणांवर लेपाला तडे जातात. आधी दाबून मग लेप दिला तर खोल खाचांच्या भिंतींवर तो पातळ बसतो. दोन अर्ध्या प्लेटा लेसरने जोडताना जोडाजवळचा लेप जळतो आणि उष्णतेने रंग पालटलेल्या पट्ट्यात पृष्ठभागाजवळचं क्रोमियम कमी होतं. तिथे आर्गॉनचं आवरण नीट असलं पाहिजे, आणि जोड शक्यतो पाण्याच्या वाटेत येऊ नये अशी आखणी करावी.

तिसरं कारण हाताळणी. उघड्या हाताचा घाम म्हणजे क्लोराइड. साध्या लोखंडी हत्यारांचा कीस म्हणजे पटलासाठी विषच. हातमोजे आणि स्वच्छ टेबल हा गंजरोधनाचाच भाग आहे.

स्टॅक सुरू-बंद केल्याने गंज वाढतो का?

हो, आणि माझ्या मते या मुद्द्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. बंद असताना हायड्रोजनच्या बाजूला हळूहळू हवा शिरते. पुन्हा सुरू करताना हायड्रोजन आत येतो तेव्हा काही क्षण त्याच कप्प्यात अर्ध्या भागात हायड्रोजन आणि अर्ध्या भागात हवा असते. त्या वेळी हवेच्या भागासमोरचा कॅथोड, म्हणजे घटाच्या हवेच्या बाजूचा विद्युतध्रुव, १.४ ते १.५ व्होल्टपर्यंत चढतो. एरवी शांत असलेला कार्बन त्या काही क्षणांत गंजतो, उत्प्रेरकाला धरून ठेवणारा कार्बनचा आधार झिजतो, आणि स्टीलवरचं क्रोमियमही सुटतं.

उपाय लेपात नसून चालवण्यात आहेत. सुरू करताना हायड्रोजन झपाट्याने आत सोडून तो सीमाक्षण छोटा करायचा. बंद करताना छोटा भार जोडून उरलेला ऑक्सिजन संपवायचा. घट भाराविना चालू ठेवायचा नाही, कारण मोकळ्या अवस्थेत विभव चढाच राहतो. एखाद्या घटाला हायड्रोजन कमी पडू द्यायचा नाही, नाहीतर त्याची ध्रुवता उलटते आणि नुकसान मिनिटांत होतं. म्हणून प्रत्येक घटाचा, निदान दोन-दोन घटांचा व्होल्टेज वेगळा मोजावा.

गाडीचं नेहमीचं शीतक स्टॅकमध्ये चालेल का?

अजिबात नाही. इंजिनाच्या शीतकात गंजरोधक क्षार विरघळलेले असतात आणि क्षारांमुळे द्रव वीज नेऊ लागतो. २०१४ च्या मिराईच्या स्टॅकमध्ये ३७० घट एकापुढे एक जोडलेले होते, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनशेहून अधिक व्होल्ट. शीतक या सगळ्या प्लेटांना एकाच वेळी शिवत असतो. त्याने वीज नेली तर स्टॅकच्या धन टोकाला धातूतून प्रवाह द्रवात उतरतो आणि नेमका तिथला धातू विरघळतो.

म्हणून आयनविरहित पाणी, किंवा गोठण्याचा धोका असेल तर त्यात शुद्ध एथिलीन ग्लायकॉल वापरतात, आणि विद्युतवाहकता सहसा दर सेंटिमीटरला ५ मायक्रोसीमेन्सच्या आत ठेवतात. ग्लायकॉल गरम राहून हळूहळू सेंद्रिय आम्लांत बदलतं, त्यामुळे वाहकता आपोआप वाढत जाते. शीतकाच्या मार्गात आयन पकडणाऱ्या रेझिनचा डबा असतो, तो वेळच्या वेळी बदलणं हे साधं आणि सर्वांत फलदायी काम आहे. नवा अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर बसवत असाल तर झाळकामातल्या फ्लक्सचे अंश निघेपर्यंत तो धुऊन घ्या. तांबं, पितळ आणि जस्ताचा मुलामा या मार्गात नकोत.

समुद्रकाठच्या किंवा धुळीच्या हवेने फरक पडतो का?

पडतो. क्लोराइड स्टेनलेस स्टीलमध्ये टोचल्यासारखे खोल खड्डे पाडतो. हवेच्या वाटेत कण अडवणारा आणि वायू शोषणारा असे दोन्ही गाळणे लावावेत. हायड्रोजनची शुद्धता आयएसओ १४६८७ या मानकात ठरवलेली आहे. त्यात एकूण गंधक ०.००४ पीपीएम आणि हॅलोजनयुक्त संयुगं ०.०५ पीपीएमच्या आत असावी लागतात.

हायड्रोजनमुळे धातू ठिसूळ होतो म्हणतात, तोही गंजच का?

नाही, ती वेगळी गोष्ट आहे. तिथे धातू विरघळत नाही, हायड्रोजनचे अणू धातूत शिरून त्याला तडे जायला मदत करतात. तो प्रश्न मुख्यतः ७०० बारपर्यंत दाब असलेल्या टाक्या, झडपा आणि नळ्यांचा आहे. तिथे निकेल पुरेसं असलेलं ३१६एल किंवा योग्य प्रतीचं अ‍ॅल्युमिनियम वापरतात. दोन्ही दोष एकाच नावाखाली लिहिले तर उपायही चुकीचा निवडला जातो.

प्लेटची चाचणी कशी करतात, आणि आकड्यांवर किती विसंबावं?

नेहमीची रीत अशी: ८० अंश तापमानाचं, पीएच ३ चं सल्फ्युरिक आम्ल, त्यात किंचित हायड्रोफ्लोरिक आम्ल, आणि प्लेटवर ठरावीक विभव चोवीस तास किंवा अधिक. हायड्रोजनच्या बाजूचा आभास देण्यासाठी द्रावणातून नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू सोडतात, हवेच्या बाजूसाठी हवा. आधी आणि नंतर स्पर्श-रोध मोजतात, शिवाय द्रावणात लोखंड, क्रोमियम, निकेल किती उतरलं ते तपासतात.

फक्त प्रवाहाचा आकडा सांगणाऱ्या अहवालावर माझा विश्वास बसत नाही. प्रवाह कमी असून आयन जास्त, किंवा आयन नगण्य असून रोध दुप्पट, असं दोन्ही घडू शकतं. काही ठिकाणी चाचणी लवकर उरकावी म्हणून कितीतरी पट तीव्र आम्ल वापरतात. त्यात चांगला लेप उगाच नापास होऊ शकतो, कारण खऱ्या घटातलं पाणी इतकं सौम्य, म्हणजे वीज इतकी कमी नेणारं, असतं की प्लेटच्या बऱ्याच भागाला पूर्ण विभव लागतच नाही. प्रवाह, स्पर्श-रोध आणि आयन तिन्ही मागा. शेवटी खऱ्या घटातले तास मागा.

चालू स्टॅकमध्ये गंज सुरू झाला हे कसं ओळखावं?

बाहेर पडणाऱ्या पाण्यातलं फ्लोराइड वाढत असेल तर पटल झिजतंय, आणि त्यामागे बऱ्याचदा लोखंड असतं. उच्च वारंवारतेला मोजलेला रोध वाढला तर दोन शक्यता: स्पर्श-रोध वाढला किंवा पटल दूषित अथवा कोरडं झालं. आर्द्रता वाढवून रोध लगेच उतरला तर पटल फक्त कोरडं होतं. नाही उतरला तर प्लेटकडे आणि दूषित पटलाकडे संशय वळवावा. पाण्यात लोखंड सापडलं नाही म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. पटल लोखंड धरून ठेवतं, त्यामुळे पाणी स्वच्छ दिसत राहतं.

घन ऑक्साइड घटात एवढं पाणीच नसतं. तिथे गंज कसला?

तिथे ६०० ते ८५० अंशांची उष्णता असते. प्लेट साधारण २२ टक्के क्रोमियम असलेल्या फेरिटिक स्टीलची असते, कारण गरम-थंड होताना तिचं प्रसरण घटातल्या सिरॅमिकच्या थरांशी जुळतं. तिच्यावरचा क्रोमियमचा ऑक्साइड हळूहळू जाड होतो आणि रोध वाढतो. त्याहून वाईट म्हणजे हवेतल्या बाष्पाबरोबर क्रोमियमचं वायुरूप संयुग तयार होऊन ते कॅथोडवर जाऊन बसतं आणि त्याला निकामी करतं. मँगनीज-कोबाल्टच्या ऑक्साइडचा लेप दिला की ही वाफ बरीच अडते. वीज न वाहणाऱ्या नळ्यांसाठी अ‍ॅल्युमिनियमयुक्त स्टील चांगलं, कारण त्यावरचा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा थर फार घट्ट असतो. वीज नेणाऱ्या जागी तोच थर अडथळा ठरतो.

अल्कली घटात?

तिथे आम्लाऐवजी अल्कली द्रावण असतं, त्यात निकेल आणि साधं स्टीलही बऱ्यापैकी टिकतं. गंजाची चिंता तुलनेने कमी.

स्टॅक काही महिने बंद ठेवायचा आहे. काय करावं?

भार जोडून आतला ऑक्सिजन संपवा, खाचांमधलं पाणी वायूच्या झोताने काढून टाका, दोन्ही बाजू नायट्रोजनने भरून तोंडं बंद करा. पटल पूर्ण सुकवू नका. शीतक तसाच ठेवणार असाल तर पुन्हा सुरू करण्याआधी स्टॅकवर भार न घालता फक्त पंप चालवून तो रेझिनमधून फिरवत राहा आणि वाहकता ५ मायक्रोसीमेन्सच्या खाली आल्यावरच हायड्रोजन सोडा. पहिल्या तासातलं बाहेर पडणारं पाणी एका स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत धरून तपासायला द्या, काचेच्या नको, कारण फ्लोराइडयुक्त आम्ल काचेलाही खातं.